चिखलाला तडे वरून जातात

भूविज्ञान खात्याच्या कोअर शेडमध्ये सहा हजार दोनशे पेट्या आहेत. जमिनीत खोल छिद्र पाडताना पोकळ नळीतून दगडाची जी लांब कांडी वर येते, तिला तिथे सगळे कोअर म्हणतात. प्रत्येक पेटीत एक-एक मीटरचे पाच खण. पहिल्या खणाच्या डाव्या टोकाला सर्वांत वरचा दगड, शेवटच्या खणाच्या उजव्या टोकाला सर्वांत खालचा, आणि कडेवर रंगाने लिहिलेले खोलीचे आकडे. पुस्तकाच्या पानासारखी पेटी वाचता आली पाहिजे, एवढा एकच नियम. भरलेली पेटी तीस किलोची होते. चौतीस वर्षं या पेट्या उचलणाऱ्या, पुसणाऱ्या आणि कुणी मागितली की फळीवरून काढून टेबलावर मांडणाऱ्या माणसाला ऑफिसात पेटीकाका म्हणतात. निवृत्तीला आठ महिने उरले आहेत. निवृत्तीनंतर काय करणार, असं कुणी विचारलं की ते म्हणतात, "काहीही उचलणार नाही."

त्यांचे थोरले भाऊ त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे. वडील गेले तेव्हा पेटीकाका नऊ वर्षांचे होते, भाऊ एकोणीसचे. भावाने शाळेत नोकरी धरली आणि धाकट्याला वाढवलं. पुढे शेडमधल्या जागेसाठी तेच त्याला हाताला धरून घेऊन गेले. साहेबांसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं, "माझा भाऊ आहे. चूक करणार नाही." ते स्वतः चाळीस वर्षं मास्तर होते आणि निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी मास्तरच आहेत. अलीकडे ते एका प्रार्थना मंडळाचे चिटणीस झाले होते. मंडळाच्या ग्रंथात महाप्रलयाची कथा आहे. सगळं जग पाण्याखाली गेलं, एक तारू तेवढं तरलं. कथा म्हणून ती मास्तरांना लहानपणापासून पाठ होती. आता मंडळाने ठरवलं होतं की तिचा पुरावा मांडायचा. सभागृहात दहा फलक लावायचे आणि दाखवून द्यायचं की जमिनीतले दगडांचे सगळे थर त्या एका पुराने, एका वर्षात रचले.

सोमवारी संध्याकाळी मास्तर धाकट्याकडे आले ते काखेत गुंडाळी घेऊन. चहाचे कप बाजूला सारून त्यांनी ती टेबलावर पसरली.

"हा पाचवा फलक. सगळ्यांत भारी. बघ. खाली गोटे, त्यावर वाळू, त्यावर चिखल. बादलीत माती ढवळून ठेव, काय होतं? जड आधी बसतं, हलकं नंतर. दुसरीच्या वर्गाला कळतं हे. तुमच्या साहेबांना कसं कळत नाही, देव जाणे."

"फोटो कुठला?" पेटीकाकांनी विचारलं.

"वाचनालयातून काढला. तुमच्याच ऑफिसचा जुना अहवाल. आणि मागच्या पानावर कुणाचं नाव आहे? तुझं. पेट्यांची मांडणी म्हणून. बारीक अक्षरात."

"बारीक का असेना, छापलंय ना," बायको ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. "आम्हाला कधी दाखवलंही नाही."

"म्हणून रविवारी सकाळी तू यायचं. भाषण नको. मी फोटोवर पट्टी ठेवीन आणि विचारीन, ही पेटी कुणी भरली? तू म्हणायचं, मी. झालं. घरचा माणूस, चौतीस वर्षांचा अनुभव. लोकांना आणखी काय पाहिजे?"

पेटीकाकांनी फोटोतल्या पेटीच्या कडेवरचा नंबर वाचला. वाचायची गरज नव्हती. ती त्रेचाळीस नंबरची पेटी होती.

त्रेचाळीस नंबर त्यांनी नोकरीच्या चौथ्या वर्षी लावली. त्या महिन्यात छिद्र पाडायला दुसरी टोळी आली होती. त्या टोळीला पेटी उजवीकडून भरायची सवय, शेवटच्या खणापासून. ती सवय कुणी पेटीकाकांना सांगितली नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. नेहमीप्रमाणे त्यांनी डावीकडचा दगड वरचा धरला आणि ऐटीत खोलीचे आकडे रंगवले. पाच मीटर जमीन उलटी झाली. साहेबांनी तशीच वाचली, तिचा फोटो अहवालात छापला, आणि अकरा वर्षं कुणाला काही वाटलं नाही. मग एक विद्यार्थिनी आली. दिवसभर भिंग घेऊन त्या पेटीवर वाकून बसली आणि संध्याकाळी तिने विचारलं, "काका, चिखलाला तडे वरून जातात की खालून?"

तळं आटलं की चिखल वाळतो, भेगाळतो. भेग वर रुंद असते आणि खाली निमुळती होत जाते. त्या पेटीत प्रत्येक भेगेचं टोक आभाळाकडे होतं. पेटीकाकांनी एकदा पाहिलं आणि कडेवरचे आपलेच आकडे पुन्हा वाचले. पेटी सरळ केली तर सगळंच फिरत होतं. खाली चिखल, त्यावर वाळू, सगळ्यात वर गोटे. कधीतरी तिथे एक तळं होतं, ते चार वेळा आटलं आणि भरलं, आणि फार नंतर त्यावरून नदी गोटे घेऊन गेली. साहेब चांगले होते. त्यांनी ऑफिसच्या प्रतीत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली आणि विषय मिटवला. वाचनालयाच्या प्रतीत चिठ्ठी लावायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पेटीकाकांनीही आठवण करून दिली नाही. भावाला तर त्यांनी हे कधीच सांगितलं नाही. 'चूक करणार नाही' असं ज्याने सांगून ठेवलंय, त्याला काय सांगणार?

मास्तर गेल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत भांडी पुसत राहिली.

"मग सांगून टाका दादांना."

"आता?"

"एकोणीस वर्षं मुहूर्त सापडला नाही. रविवारी पंचांग बदलणार आहे का?"

"मंडळाने पहिल्यांदा त्याला काही काम दिलंय. घरात बसून बसून कसा झाला होता, बघितलंस ना. त्याचाच पाचवा फलक मी पाडू?"

"नाही पाडलात तर तुमची चूक भिंतीवर टांगली जाईल. तीही पुरावा म्हणून. बघा बाई काय ते."

गुरुवारी त्यांनी मास्तरांना शेडमध्ये बोलावलं. ठरवलं होतं की त्रेचाळीस नंबर काढायची आणि सांगायचं. पण हात दुसऱ्याच पेट्यांकडे गेले. त्यांनी आधी हातभर जाडीचं मीठ दाखवलं.

"हे खाऱ्या पाण्यातून उरतं. पाणी उन्हाने आटावं लागतं, दादा. भर पुरात मीठ कसं सुकेल?"

"पूर ओसरताना सुकलं असेल."

"त्याच्या वर आणखी दोनशे मीटर थर आहेत. ते कुणी आणले मग?"

"पाणी परत चढलं असेल. समुद्राला भरती येते, ओहोटी येते. कुठल्या वर्गात शिकलास तू?"

"तुझ्याच."

मग त्यांनी जुन्या मातीची पेटी काढली. तिच्यात मुळांच्या नळ्या होत्या, उभ्या, फाटे फुटलेल्या, जागच्या जागी दगड झालेल्या. झाड उगवायला आणि वाढायला वर्षं लागतात, आणि अशा मातीचे एकावर एक सात थर होते. मास्तर म्हणाले, झाडं वाहून आली असतील. वाहून आलेलं झाड सात वेळा उभंच्या उभं मुळं पसरून कसं बसेल, असं विचारायला पेटीकाकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कंबर ठणकत होती. चार पेट्या काढून झाल्या होत्या, आणि मास्तरांशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पालथं पडूनही घडा म्हणणार, मी भरलोय.

"एवढं सगळं दाखवलंस, पण आमची त्रेचाळीस कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

"ती वरच्या फळीवर आहे," पेटीकाका म्हणाले. "शिडी दुरुस्तीला गेलीय."

शिडी मास्तरांच्या पाठीमागे भिंतीला टेकून उभी होती.

मास्तर गेल्यावर मॅडम आल्या. भेगा पकडणारी तीच विद्यार्थिनी; आता शेड तिच्या हाताखाली आहे. तिने शिडीचं ऐकलं होतं. पेटीकाकांनी तिला फलकाचं सांगितलं.

"काका, चूक ऑफिसची आहे. चिठ्ठी सगळ्या प्रतींत लावायला हवी होती. मी मंडळाला पत्र देते. तुम्हाला जायलाच नको."

"नको. पत्र गेलं तर दादा पत्राला उत्तर लिहील. मग तुम्ही उत्तर द्याल. मग तो. तुमची बदली होईल, पण ते थांबणार नाही."

"मग?"

"बघतो," ते म्हणाले.

रविवारी सभागृहात साठेक माणसं होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला दहा फलक, आणि इस्त्रीच्या सदऱ्यात हातात लाकडी पट्टी घेतलेले मास्तर. चार फलक झाले. डोंगरावरच्या शिंपल्यांचा फलक होता, तेव्हा पेटीकाका मनात म्हणाले, शिंपल्यांजवळ समुद्र गेला नाही, समुद्राचा तळच उचलून डोंगर झाला. पण ते बोलले नाहीत. तो फलक त्यांचा नव्हता. मास्तर छान बोलत होते. कितीतरी वर्षांत त्यांचा आवाज असा लागला नव्हता. मागच्या रांगेपर्यंत पोचत होता आणि मागची रांग ऐकत होती.

पाचव्या फलकावर पट्टी टेकली.

"खाली गोटे, मध्ये वाळू, वर चिखल. आता हे कुणी ऐकीव सांगितलेलं नाही. ही पेटी ज्याने स्वतःच्या हाताने भरली तो इथे बसलाय. माझा धाकटा भाऊ. काय रे, कुणी भरली ही पेटी?"

पेटीकाका उठले. एकच शब्द बोलायचा होता, आणि तो खराही होता.

"मी," ते म्हणाले. माणसं कौतुकाने वळून बघायला लागली. ते बसले नाहीत. "पण उलटी भरली."

"म्हणजे?"

"वरचं खाली, खालचं वर. माझी चूक झाली. दादा, त्या चिखलात बारीक पांढऱ्या रेघा दिसतात बघ. त्या भेगा आहेत. त्यांची टोकं वर आहेत. भेगेचं टोक खाली असतं. फोटो फिरवला की बरोबर होईल. मग चिखल खाली आणि गोटे वर."

मास्तरांनी चष्मा वर करून फोटोजवळ तोंड नेलं. सभागृहात खुर्च्या करकरल्या. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "अहो, पण मग पूर आला होता की नाही?"

"पूर पुष्कळ आले, आजी. इथे एक, तिथे एक. दगडात दिसतात ते. पण एकच आणि सगळीकडे, असा माझ्या पेट्यांत नाही. चिखल भेगाळायला ऊन लागतं, पाणी जावं लागतं. या एका पेटीत पाणी चार वेळा आटलंय."

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, फोटो फिरवा की!" मास्तरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी पट्टी खाली घेतली आणि वर्गात विचारावं तसं विचारलं.

"तुला हे कधी कळलं?"

"एकोणीस वर्षं झाली."

"एकोणीस." मास्तरांनी तो आकडा सावकाश उच्चारला. "आणि गुरुवारी शिडी दुरुस्तीला गेली होती."

त्यांनी पाचव्या फलकाच्या दोऱ्या सोडल्या, फलक भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि सहाव्यापाशी जाऊन बोलायला लागले. आवाज आता मागच्या रांगेपर्यंत जात नव्हता. चहाच्या वेळी पेटीकाका त्यांच्याजवळ गेले तेव्हा त्यांनी कप दुसऱ्याच कुणाच्या हातात दिला.

त्यानंतर तीन आठवडे फोन नाही. चिटणीसपद कुणी काढून घेतलं नाही, प्रदर्शन नऊ फलकांनिशी चालू राहिलं, एवढं वहिनीकडून कळलं. "जेवतात, झोपतात, बोलत नाहीत," वहिनी म्हणाली. "तुमचं नाव काढलं की पेपर वाचतात. कालचा असला तरी." पेटीकाकांनी दोनदा फोन उचलला आणि ठेवून दिला. चूक सांगून झाली होती. एकोणीस वर्षं का नाही सांगितली, हे सांगायचं तर 'तुझ्या शब्दाला जागलो नाही म्हणून' असं म्हणावं लागलं असतं, आणि तेवढं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, मास्तर शेडच्या दारात उभे राहिले. एका हातात पिशवी, पिशवीत वही आणि भिंग.

"त्रेचाळीस काढ."

पेटीकाकांनी शिडी लावली, पेटी उतरवली, टेबलावर मांडली. मास्तर स्टुलावर बसले आणि अर्धा तास भिंग लावून खणाखणातून सरकत राहिले. चारही भेगाळ थरांपाशी त्यांनी वहीत फुल्या मारल्या.

"त्या साहेबांनी तेव्हा नोकरीवरून काढलं असतं तुला?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही. ते काही बोललेही नाहीत."

"मग मी काढणार होतो का?"

पेटीकाका कांड्यांवरची धूळ पुसत राहिले. मास्तरांनी वही मिटली.

"या पेटीत पूर नाही. मान्य. पण म्हणून कुठेच नाही असं होत नाही. बाकीच्या पेट्या आहेत की."

"सहा हजार आहेत, दादा."

"माहितीय. पहिलीपासून बघणार. दर बुधवारी येईन. तुझ्या मॅडमना विचारलंय मी, त्या हो म्हणाल्या. दिवसाला किती होतील?"

पेटीकाकांनी कमरेवर हात ठेवून फळ्यांच्या लांबच लांब रांगेकडे पाहिलं.

"दहा. त्याहून जास्त नाही."

"म्हणजे तू निवृत्त होईपर्यंत संपायच्या नाहीत."

"नाहीच संपणार."

"मग बारा काढ," मास्तर म्हणाले, आणि वहीचं नवीन पान उघडून त्यावर एक आकडा घातला.