सिमेंटची हलगी

आज अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन त्र्यंबकच्या रस्त्याला गेले होते. तिथे इथल्या एकेका समाजाचे पुतळे बसवलेत, ते बघायला. फुलांची पाटी घेतलेली बाई झाली, तारपा वाजवणारा वारली झाला. अण्णा खूश, सगळ्यांचे फोटो काढत होते.

मग आमचा आला. कमरेत वाकलेला, गळ्यात हलगी. खाली लिहिलंय, "आपली परंपरा, आपला अभिमान."

अहो, कुणाचा अभिमान? मला सांगा, हा घडवताना आमच्यातल्या एकाला तरी विचारलं असेल?

हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकतात. सत्तरच्या दशकात आमच्या बौद्ध वस्तीने गावच्या मयतीपुढे वाजवायचं नाही असं ठरवलं, तेव्हा आजोबांनी हलगी शेकायला धरली आणि जाळातच सोडून दिली. अण्णा शेजारी उभे होते. गावाने आमचं दळण बंद केलं, किराणा बंद केला. आजी जात्यावर दळत राहिली, पण वस्तीतल्या कुणीही परत हलगी गळ्यात घातली नाही.

आणि आज एक हौशी माणूस मोबाईल रोखून अण्णांना म्हणतो, "काका, तुम्ही पण वाजवल्यासारखं करा ना, मस्त फोटो येईल!"

माझं डोकंच फिरलं. पण मी तोंड उघडायच्या आत अण्णा पुढे गेले. त्यांनी त्या हलगीवरून सावकाश हात फिरवला.

"सिमेंटची हे गं," ते म्हणाले. "ही जळायची नाय."