तात्यांचं ‘नाय’

तात्यांना चहा विचारला तरी आधी ‘नाय’ यायचं. मग ओठांचा चंबू करून, बशीतल्या गरम चहावर फुंकर मारावी तसा ते हळूहळू श्वास सोडायचे, आणि मग उरलेलं वाक्य बाहेर पडायचं, “...कशाला म्हणू? आण की.” फूलबाजारातल्या नव्या लोकांना हा माणूस तिरसट वाटे. तसा तो होताच. पण हे ‘नाय’ त्या तिरसटपणातून आलेलं नव्हतं.

मखमलाबादच्या बाजूला तात्यांचा झेंडूचा मळा होता. मी नदीच्या घाटावर गजरे विकत विकत स्वतःच्या हार-तोरणांच्या दुकानापर्यंत पोचले होते, तेही कोणाच्या बापाच्या मदतीशिवाय. त्यामुळे रोज सकाळी आमचं जुंपायचं. तात्यांचा भाव एका दमात यायचा, मध्ये बोट घालायला फट नसे. “बाराला मागतीस व्हय पोरी? बाराला तर मी म्हशीपुढं बी टाकणार नाय!” मी पाटी ढकलून निघाल्यासारखं करायचे. मागून आवाज यायचा, “जा, जा, कागदाची फुलं बांध लग्नात!” अख्खा बाजार हसायचा आणि मी परत यायचे. बाईमाणूस म्हणून मला कोणी सूट द्यायचे, कोणी फसवायचे. तात्या फक्त भांडायचे.

मग त्यांना भाकरी अडकायला लागली. पुढे पाणीसुद्धा उतरेना. अन्ननलिकेचं मोठं ऑपरेशन झालं. नळीचा खराब भाग काढला आणि जठर छातीत वर ओढून जोडून टाकलं. ऑपरेशन नीट झालं म्हणून नातेवाइकांनी पेढे वाटले. तात्या घरी आले ते निम्मे होऊन. चार घास खाल्ले की धाप लागायची. वाकलं की आंबट पाणी घशाशी यायचं. आडवं होता येईना, म्हणून रात्री भिंतीला वळकटी लावून बसल्या बसल्या झोपायचे. “पोट वर चढून बसलंय पोरी,” ते मला म्हणाले. “श्वासाच्या घरात... भाडेकरू घुसलाय. आता कसला निघतोय तो!” डॉक्टरांनी सांगितलं होतं, थोडं थोडं खा, चालत राहा, वेळ लागेल. वर्ष गेलं, दुसरं गेलं. दम काही परत आला नाही.

तरी ते बाजारात येत. उपड्या क्रेटवर बसायचे, कोपरं गुडघ्यांवर टेकून, पुढे झुकून. ऑपरेशननंतर पहिल्यांदा आले त्याच दिवशी घात झाला. एका व्यापाऱ्याने भाव विचारला. तात्या म्हणाले, “पंधराला देणार...” आणि श्वास संपला. पुढचं ‘नाय’ छातीतच राहिलं. व्यापारी म्हणाला, “झालं!” आणि पाट्या उचलून चालता झाला. तात्या नुसते हात हलवत राहिले. मग ती लोकांची युक्तीच झाली. त्यांचा दम संपेपर्यंत घोळ घालायचा आणि अर्धं वाक्य उचलायचं. त्या लोकांवरचा माझा राग अजून गेलेला नाही आणि जाऊही नये.

आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटाला येतो. तिथवर पोचायला तात्यांकडे श्वास नव्हता. म्हणून त्यांनी वाक्यच उलटं केलं. “नाय देणार... पंधराला.” नकार आधी उरकायचा, बाकीचं जमेल तसं. ती सवय चहापर्यंत गेली.

मात्र त्यांचं वाक्य दुसऱ्या कोणी पुरं केलेलं त्यांना खपत नसे. एकदा काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मध्येच भाव सांगितला तर तिच्यावर डोळे वटारले. “भाव मी सांगणार. ज्या दिवशी दुसऱ्यानं सांगितला... त्या दिवशी मी घरी बसलो समज.”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गर्दी आणि धूळ मरणाची होती. एक व्यापारी पडेल भावाने सगळा माल मागत होता. तात्या म्हणाले, “नाय...” आणि पुढे काहीच येईना. खांदे वरखाली होत होते, ओठ काळेनिळे पडले.

“नाय काय नाय? बोला लवकर, टेम्पो उभाय!” व्यापारी म्हणाला.

माझं टाळकं सरकलं. “पंचवीसच्या खाली एक फूल मिळणार नाही! माणसाला बोलता येत नाहीये, दिसत नाही का?”

व्यापारी वरमला. पंचवीसला तयारही झाला. पण तात्यांनी पाटीवर हात ठेवला. बराच वेळ श्वास गोळा केला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, “नाय विकायचा... हिच्या भावानं.”

“तात्या, परवा ह्याचा कचरा होईल!”

“नाय... तुझा मळा, बाई.”

मी ‘पोरी’ची ‘बाई’ झाले. सगळा माल परत मळ्यात गेला आणि त्यानंतर तात्या बाजारात आले नाहीत. मी काय वाईट केलं, हे मला आजही कोणी समजावून सांगावं.

दिवाळीच्या तोंडावर मीच त्यांच्या घरी गेले. ती आमची शेवटची भेट. तात्या भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर उशी आणि उशीवर कोपरं. ओसरीत झेंडूच्या पाट्या भरून ठेवल्या होत्या. मी सरळ भाव काढला. मुद्दाम, ऐकणाऱ्याला लाज वाटेल असा.

“पाचला देता का?”

तात्यांनी ओठांचा चंबू केला. श्वास सोडला. आता माझ्या सात पिढ्या उद्धारल्या जाणार, म्हणून मी पदर खोचून तयार झाले.

“ने,” ते म्हणाले.

“पाचला?”

त्यांनी मान हलवली आणि हातानेच पाट्या दाखवल्या.

“असा कसा नेऊ? भांडा की! पाचला मागतेय मी तात्या, पाचला!” मी ओरडत सुटले. शेजारपाजारचे दारात आले. काकींनी माझा दंड धरला, “हळू बोल गं, त्यांना सोसत नाय.”

पाट्या तिथेच सोडून मी बाहेर आले. आत तात्या पुढचा श्वास ओढत होते, आणि त्यात माझ्यासाठी एक शिवीसुद्धा नव्हती.