आमची डोकी

आत्ताच सांगते. उद्यावर टाकलं तर पुन्ना तोंड मिटंल माझं.

बायांच्या घराच्या कारभाऱ्यानं सखूमावशीचे हात मागं खांबाला बांधले व्हते. मांडीवर पाय रोवलेला. "हालली तर कान जाईल, म्हातारे!" न्हाव्याचा वस्तरा चालून राहिला, पांढरे केस अंगनात पडून राहिले. मावशी किंचाळत व्हती, "अरे माझा नवरा जिता हाय! कुरुंद्याला हाय! जिता हाय रे!"

"इथं आली ती मेली. मेलीला कसला नवरा?"

अन् अंगठ्यानं तिचं कुकू पुसलं. हसला बी.

निजामाचं राज व्हतं. बाळापूरच्या बाजारामागं एका जमीनदारानं निराधार बायांसाठी घर काढलेलं. कारभारी त्याचाच भाचा. माझं लेकरू गेलं, बोलनं बंद पडलं, तर सासरच्यांनी "डोकं फिरलंय हिचं" म्हनून गाडीत घालून आनून टाकलं. समद्याच तशा. कुनी टाकलेली, कुनी येडी ठरवलेली. भाकर मिळायची. मानूस मिळत न्हवतं.

दुपारी तेवढं आमी एकीमागं एक बसायचो, उवा काढायला. "ये गं पोरी, डोकं बघू तुझं," मावशी म्हनायची. उवा कमी, गप्पा जास्त! केसात बोटं फिरली की तोंड आपसूक उघडायचं. तिच्याच मांडीवर मी पयल्यांदा माझ्या लेकराचं नाव घेतलं. रडले. बोलले. येडी न्हवतेच मी!

कारभाऱ्याला तेच खुपलं. "फुकटचं खाता अन् कुचकुच करता? केसच ठेवत न्हाई."

मावशीचं डोकं भादरून झालं. मंग म्हनला, "आता ही." झिंज्या धरून वढलं मला.

"काहून?" म्हनले मी.

काहून! का म्हनून! त्या घरात त्याला कुनी हे इचारलंच न्हवतं. त्यानं थोबाडीत हानली. दात हालला. मी त्याचं मनगट धरलं अन् चावले. हाडापोतर. सोडलंच न्हाई. तोंडात रगत. त्याचं का माझं, कुनाला ठाव.

"चावली! येडी चावली!"

न्हावी वस्तऱ्याची धोपटी उचलून पळाला.

मला सरपनाच्या खोलीत कोंडलं. पर बाया पांगल्या न्हाईत. दारापुढं ओळीनं बसल्या. "ती भाईर येस्तोर भाकर नको." जमीनदार पाव्हने घेऊन घर दाखवायला येनार व्हता. उपाशी बाया दिसल्या तर अब्रू जाईल. तवा दार उघडलं. माझे केस वाचले.

मावशी न्हाई वाचली. पदर घट्ट धरून भिंतीकडं तोंड. कुनाला हात लावू दिला न्हाई. बोलली न्हाई, जेवली न्हाई. तशीच गेली.

पुढं सासरचे न्यायला आले. मी गेले न्हाई. हितंच हाय. नवी बाई आली की दारात मी उभी. तिच्या डोक्याला हात लावायचा तर तिला इचारायचं. न इचारता आलेला हात मोडीन. मी मोडीन, दुसरं कुनी न्हाई.

अन् बायांनो, तुमी? तुमाला बी कुनी येडी ठरवून असं धरलं व्हतं का? तवा तुमी "काहून?" म्हनलात का गप बसलात? सांगा की!