टेकडीवरच्या पेटीतला झगा

११ मार्च १९७४, सोमवार, सकाळी सव्वाआठ. मी आरशासमोर उभा राहून डाव्या बाहीचं मनगटावरचं बटण लावत होतो. बाहेर बंडूनं सायकलची घंटी वाजवली आणि गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडला, "झालं का गा नवरदेवा? गाडी काही तुह्यासाठी थांबणार नाही!" गाडी दुपारची होती. पण मला रात्रभर झोप नव्हती आणि त्यालाही नसावी. आम्ही गोव्याला निघालो होतो, आणि आमच्या दोघांच्या घराण्यात अजून कोणी समुद्र पाहिलेला नव्हता.

बटणाचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. माझ्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत, आणि छातीवर, पाठीवर कोड आहे. मी इतवारीत कापडाच्या दुकानात कापड मोजून फाडतो. गिऱ्हाईक कापडाकडे पाहतं, म्हणजे माझ्या हाताकडेच पाहतं. म्हणून मी नागपूरच्या मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट गळ्यापर्यंत बंद करून घालतो. मालकाला वाटतं मी शौकीन आहे. खरं फक्त आईला, बंडूला आणि वैद्यांना ठाऊक.

वैद्यांनी बावचीचं तेल दिलं होतं आणि सांगितलं होतं की चट्ट्यांवर थोडंसं लावून कोवळ्या उन्हात उघड्या अंगानं बसायचं. बसायचं कुठे? आमच्या गच्चीवर चारी बाजूंच्या खिडक्या उघडतात. बंडू हा माझा शाळेपासूनचा मित्र, सायकली दुरुस्त करतो. तो म्हणाला, "गोव्याले चाल. तिथं गोरे लोक पुरे नंगे बसून राहतात. तुह्या दोन चट्ट्याकडे कोण पाहून राहिलं तिथं?" त्याला स्वतःला काय पाहायचं होतं ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

घाईचं कारण वेगळं होतं. पाडव्यानंतर आम्हाला भिवापूरला मुलगी पाहायला जायचं होतं. आईनं बजावलं होतं, "बाह्या लांब राहू दे. काही बोलू नको. लग्न झाल्यावर पाहू." मला ते पटत नव्हतं आणि उलट बोलायची हिंमतही नव्हती. चट्टे फिके पडले तर प्रश्नच मिटेल, अशी आशा धरून मी तेलाची बाटली तीन फडक्यांत गुंडाळली.

मुंबईपर्यंत तिसऱ्या वर्गाचं तिकीट. आईनं दशम्या आणि भिवापुरी मिरच्यांचा ठेचा दिला होता. अकोल्याच्या पुढे बंडूनं तो समोरच्या गुजराती काकांना चाखवला, तर त्यांनी आमचीच सुरई रिकामी केली. मुंबईत काही पाहिलं नाही, सरळ भाऊचा धक्का गाठला. बोट सकाळी दहाला सुटते. पण डेकचं तिकीट काढणाऱ्यांनी दोन तास आधी पोचावं आणि आत शिरताच सतरंजी टाकून जागा धरावी. इंजिनाजवळ टाकू नये, खालून फळ्या तापतात. आम्ही तिथेच टाकली होती.

आणि मग समुद्र! मी बोटीच्या कठड्याला धरून इतका वेळ उभा राहिलो की हातांना गंजाचा वास लागला. पलीकडचा काठच नाही. मी डोळे बारीक करून शोधत होतो.

"काहून बे, काय पाहून राहिला?" बंडू म्हणाला.

"काठ."

"अंबाझरीचा तलाव समजला काय गा?"

डेकवर मिंगेल नावाचा एक खानसामा भेटला. मोठ्या जहाजांवर स्वयंपाक करतो, सुट्टीवर घरी निघालेला. आम्ही कुठे उतरणार हे आम्हालाच माहीत नाही हे ऐकून त्यानं आपल्या मावशीचा पत्ता दिला. "बेटावर घर आहे. खोली स्वच्छ. टेकडीपलीकडे तुम्हाला पाहिजे ते सगळं आहे," असं म्हणून त्यानं बंडूकडे पाहून डोळा मारला. "पण मावशी कडक आहे हां."

बेटाचं नाव मी लिहिणार नाही, कारण मावशीनं निघताना तशी अट घातली: "नांव बरयशी जाल्यार आनीक नागडे येतले." नाव लिहिलंस तर आणखी नागडे येतील. पणजीहून म्हापशाची बस, तिथून आणखी एक बस, शेवटी होडीचे चार आणे, एवढं सांगतो. ज्याला शोधायचं त्यानं शोधावं.

मावशीचं नाव आंजेलीन. सगळं बेट तिला आंजेलीन माय म्हणतं. साठीची, काळ्या झग्यातली, केस घट्ट बांधलेले. खोली आणि दोन वेळचं जेवण मिळून दोघांचे रोज नऊ रुपये. पैशाआधी तिनं नियम सांगितले. अंगणात क्रूस आहे, तिथे पुरुषानं उघड्या अंगानं फिरायचं नाही. विहिरीवर आंघोळ नाही. संध्याकाळी वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, मोठ्या क्रुसापाशी प्रार्थना होते, तेव्हा घरात शिटी, गाणं, हसणं नाही. त्यांचा उपवासाचा काळ चालू होता, म्हणून मांसही नाही.

रात्री पानात उकड्या तांदळाची पेज, सुका बांगडा आणि कैरीचं लोणचं आलं. बंडू माझ्या कानात म्हणाला, "इतक्या दूर येऊन पेज पिऊन राहिलो गा. आई तापात देते ते फुकटात." मला मात्र ते घर फार आवडलं. इथे प्रत्येकजण अंगभर कपडे घालून होता. मुलींचे गुडघ्याच्या खालपर्यंत झगे, चर्चला जाताना बायकांच्या डोक्यावर पांढरं वस्त्र. माझ्या पूर्ण बाह्या पाहून आंजेलीन माय मान डोलावून म्हणाली, "बरो भुरगो." चांगला मुलगा! शर्टासाठी माझं कौतुक पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आम्ही टेकडी चढलो. माथ्यावर काजूचं झाड आहे आणि त्याखाली एक मोठी लाकडी पेटी ठेवलेली आहे. हे पाहायला तरी त्या बेटावर जावं. टेकडीपलीकडच्या किनाऱ्यावर गोरे लोक उघडे राहतात. पूर्वी ते तसेच पाव आणि रॉकेल आणायला गावात उतरत. बायका दारं लावून घेत, पुरुष दगड उचलत, एकदा तर होडीवाल्यानं वल्हंच उगारलं होतं. शेवटी गावातल्या बायकांनी घराघरातून जुने कपडे गोळा करून पेटीत भरले. गोऱ्यानं गावात येताना पेटीतला कपडा घालायचा, परत जाताना काढून ठेवायचा. शनिवारी बायका पेटी रिकामी करतात, धुऊन वाळवून पुन्हा भरतात. ना पोलीस, ना पाटी. मी सवयीनं कपडे चाचपून पाहिले. दोन विजारी, एक शाळेचा गणवेश, जाड चादरीचे दोन अंगरखे, आणि तळाशी एक बिनबाह्यांचा फिकट निळा झगा. मलमल, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली.

पलीकडे उतरलो आणि बंडूची बडबड बंद झाली. खोटं वाटेल, पण नागपूरहून तो जे पाहायला आला होता ते समोर आल्यावर तो वाळूकडे पाहत चालू लागला. माणसं पोहत होती, भात शिजवत होती, कुणी पुस्तक वाचत होतं. एक म्हातारा चष्मा लावून फाटकी पिशवी शिवत बसला होता. अंगावर फक्त चष्मा.

"चष्मा याद राहिला अन् बाकीचं घरी विसरून आला," बंडू पुटपुटला.

आणि मग माझ्या लक्षात आलं की सगळे मलाच पाहून राहिले होते. त्या सबंध किनाऱ्यावर गळ्यापर्यंत बटणं लावलेला मी एकटा. दोन पोरं माझ्यामागून चालायला लागली. चष्मेवाल्यानं शिवणं थांबवलं आणि काळजीनं काहीतरी विचारलं. इंग्रजी मला कळलं नाही, पण त्यानं स्वतःचे दंड चोळून दाखवले. मला थंडी वाजते का, ताप आहे का, असं तो विचारत होता. माझं आयुष्यभराचं गणितच उलटं झालं. जे लपवण्यासाठी घालतो, त्यामुळेच दिसतोय!

मी खडकामागे गेलो. वरचं बटण काढलं, मग दुसरं. मनगटाचं सगळ्यात शेवटी. बंडू पाठ करून पहारा देत होता, कुणापासून ते त्यालाच माहीत. शर्ट काढून मी बाहेर आलो आणि उभा राहिलो. चष्मेवाल्यानं पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि पुन्हा सुई हातात घेतली. पोरं कंटाळून निघून गेली. बस्स, एवढंच झालं.

त्यानंतर मी वेडा झालो असंच म्हणायला हवं. वारा छातीला लागतो तेव्हा कसं वाटतं हे मी विसरलो होतो. चड्डीवरच पाण्यात धावलो, लाटेनं आपटलो, नाकातोंडात मीठ गेलं, पुन्हा धावलो. बंडू काठावरून ओरडत होता, "अबे मरशील ना!" आणि मग स्वतःही उडी मारून आला. बाहेर येऊन भरपूर तेल चोपडलं आणि वाळूवर पालथा पडलो. वैद्यांनी थोडंसं तेल, कोवळं ऊन, थोडाच वेळ असं बजावलं होतं. मी एकही गोष्ट पाळली नाही आणि चक्क झोपलो. उठलो तेव्हा ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं आणि पाठ तव्यासारखी झाली होती. बावचीचं तेल कोणी वापरत असेल तर माझ्याकडे पाहून शहाणं व्हावं.

संध्याकाळी कसाबसा टेकडीच्या माथ्यावर पोचलो. शर्ट अंगाला टेकवला की तोंडातून किंकाळी निघत होती. खाली गाव, गावात मावशी, मावशीचे नियम. उघड्या अंगानं जाता येत नव्हतं आणि शर्ट घालता येत नव्हता. बंडूनं पेटी उघडली, तळाशी हात घातला आणि तो निळा झगा वर काढला.

"नाही," मी म्हणालो.

"मग इथंच राहतो का बे? काजूसंग?"

झगा घातला. मलमल पाठीवर इतकी गार लागली की डोळ्यांत पाणी आलं. पण बाह्या नव्हत्या. डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत जगासमोर उघडा.

वाट मोठ्या क्रुसावरून जाते. नेमकी प्रार्थना चालू. सगळा वाडा तिथे गुडघ्यांवर बसलेला, हातांत मेणबत्त्या, आणि वरून मी, पोटऱ्यांपर्यंत निळा झगा घालून, मिशीसकट. प्रार्थना अडखळली. एक म्हातारा खोकला, पण तो खरा खोकला नव्हता, हसू होतं. मग मुलं फुटली, मग बायका. आंजेलीन माय ताडकन उभी राहिली.

"हो म्हजो झगो!"

आणि जी बाई प्रार्थनेच्या वेळी घरात हसू देत नव्हती, ती पोट धरून हसली. मी मेल्याहून मेल्यासारखा उभा. पण हळूहळू कळलं की सगळे झग्याला हसत आहेत. हाताला कोणीच हसत नव्हतं. हसून झाल्यावर त्यांनी पुन्हा सूर धरला, आणि शेजारच्या बाईनं सरकून मला जागा दिली. तिनं एक पेटती मेणबत्ती माझ्या हातात दिली. डाव्या हातात. उजेड सरळ चट्ट्यांवर पडला होता. मी मेणबत्ती हात बदलून धरली नाही.

रात्री मावशीनं पाठीला कोरफडीचा गर लावला. बोलणं अर्धं तिच्या कोकणीत, अर्धं माझ्या मराठीत. "कित्याक लिपयता?" का लपवतोस, तिनं विचारलं. मी लग्नाचं सांगितलं.

"चलयेक सांगलां?" मुलीला सांगितलंस का?

"नाही. आई म्हणते लग्न झाल्यावर."

तिचा हात थांबला. "आनी मागीर घरांत कोणाचो झगो घालतलो?" मग घरात कुणाचा झगा घालणार?

बंडू अंधारातून हसला. मला हसू आलं नाही.

पुढचे दोन दिवस झग्यातच काढले. रविवारी निघताना शर्ट अजून टोचत होता. मावशी म्हणाली, आतून झगा असू दे, मग परत कर, पेटीचा नियम आहे. तशीच बोट, तशीच गाडी, शर्टाच्या आत झगा.

चट्टे गेले नाहीत. भोवतालची कातडी काळवंडल्यामुळे उलट ठळक दिसायला लागले. नागपुरात आल्यावर मी सीताबर्डीच्या शिंप्याकडे तिन्ही शर्ट दिले आणि बाह्या कोपराच्या वर कापायला सांगितल्या. आईनं पाहिलं आणि दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एकच वाक्य: "पोरगी नाही म्हणाली तं मले सांगू नको गा."

भिवापूरला मी अर्ध्या बाह्यांनी गेलो. मुलीच्या काकांची नजर हातावर पडली आणि बोलणं एकदम कमी झालं. कोड आहे, सहा वर्षं झाली, छातीपाठीवरही आहे, मी सगळं सांगितलं. तेव्हा दाराशी उभी असलेली मुलगी, सुमन, म्हणाली, "अन् हे नाकाचं कातडं काहून निघून राहिलं?"

मी म्हणालो, उन्हानं. समुद्रावर गेलो होतो. मग तिनं समुद्राचं विचारलं, मी काठ शोधल्याचं सांगितलं, बोटीचं, पेटीचं, शेवटी झग्याचंही. ती पदर तोंडात धरून हसली. काका म्हणाले, कळवतो. आठवड्यानं ते स्वतः आले, आणि येताना मिरच्यांचं पोतं घेऊन आले. कापलेल्या सहा बाह्या आईनं तोपर्यंत चुलीवरचं पातेलं उतरवायला घेतल्या होत्या.

आता हिशेब, कारण जाणारे मला तोच आधी विचारतात. गाडी, बोट, बस, होडी, खोली, जेवण मिळून माझ्या वाट्याचे एकशे अठ्ठावीस रुपये. शिंप्याला दीड रुपया. देणं: बंडूचे बावीस रुपये, आणि आंजेलीन मायचा एक झगा. झगा धुऊन, घडी करून, टपालानं पाठवणार होतो. कागदात बांधलाही होता. लग्न होऊन घरी आल्यावर सुमननं सुतळी सोडली. म्हणते, टपालानं नको, आपण नेऊन पेटीत ठेवू.