शर्यतीचे एरंडेल

चहा आधी ओतून घ्या आणि मगच ऐका. मध्येच ठसका लागला, तर त्याची जबाबदारी मी घेणार नाही. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या माणसाने मोटारीसाठी तेलाची निवड अगदी अचूक करूनही स्वतःची फजिती कशी करून घ्यावी, याची ही हकीकत आहे. निवड अचूक होती, एवढे आत्ताच नोंदवून ठेवतो. पुढे ते सांगायला तोंड राहणार नाही.

माझा आतेभाऊ बाळू बारामतीचा. मॅट्रिकला दोनदा बसला आणि दोनदा उठला. परंतु मोटार अशी चालवायचा, की तो आमच्या शेळगावात आला म्हणजे माझे वडील, आमचे तात्या, माझ्या पदवीकडे पाठ करून त्याच्या काळ्या गॉगलकडे पाहत बसत. मला मत्सर वाटत होता का? छे. त्या गॉगलची काच निकृष्ट आहे, एवढेच मी भेटेल त्याला समजावून सांगत असे.

त्या वर्षी जत्रेत बैलांच्या शर्यतींनंतर त्याच माळावर मोटारींची शर्यत ठरली. चुन्याच्या फक्कीने आखलेला मोठा गोल, त्याच्या तीन फेऱ्या. मोटारी दोनच. एक सणसरच्या बागाईतदाराची आणि दुसरी तात्यांची, जुनी, उघड्या टपाची. आता तुम्हीच सांगा, मोटार आमची, मुलगा मी, चालवायला मला येत होते. मग सुकाणू कोणाच्या हाती जावे?

तात्या म्हणाले, "बाळू हाकंल."

"आणि मी?"

"तू शिकलेला हायस. तू तेलाचं बघ."

तेलाचं बघ. देवळातला दिवा सांभाळायला सांगावा, तसे.

ठीक आहे, म्हटले. शर्यत बाळू जिंकत नाही, तेल जिंकते, हे सिद्ध करूनच दाखवतो. रस्त्यावर इंजिनाला मधूनमधून उसंत मिळते, गोलात ती मिळत नाही. तेल तापते, पातळ होते आणि लोखंडावर लोखंड घासू लागते. म्हणून कितीही तापले तरी धातूला चिकटून राहील असे तेल हवे. विलायतेत शर्यतीच्या मोटारींत एरंडेल घालत, हे मी वाचले होते. ते नेहमीच्या ऑइलमध्ये मिसळू नये, हेही वाचले होते. तेव्हा आदल्या दिवशी इंजिनातले जळके ऑइल पूर्ण काढले आणि आमचा गडी सखाराम याला छकड्याच्या आसाला घालायला देऊन टाकले. बारामतीच्या पेठेतून गाळीव एरंडेलाचा डबा आणला.

यातले एक अक्षरही मी कोणाला कळू दिले नाही. कळले असते, तर बाळू म्हणाला असता, "मला ठावं हुतं." हार त्याच्या गळ्यात पडत असतानाच मी रहस्य उघड करणार होतो. भाषणही तयार होते.

शर्यतीच्या सकाळी गारठा होता. घट्ट झालेले एरंडेल कोमट व्हावे म्हणून डबा चुलीजवळ ठेवला. मला माळावरची वळणे तपासायला जायचे होते. सखाराम भाकरी खात होता.

"सखाराम, हे तेल कोमट झाले की पोटात जायला हवे. सांडू नकोस."

इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला सखाराम पोट म्हणतो. ज्याच्याशी बोलायचे, त्याच्या शब्दांत बोलावे, हे माझे तत्त्व.

"कुनाच्या पोटात?"

'इंजिनाच्या', एवढा एक शब्द पुरला असता. परंतु तेवढ्यात पडवीत बाळू गॉगल पुसत होता आणि तात्या त्याला म्हणत होते, "आज समदी भिस्त तुझ्यावर बरं का, बाळू." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाळूला नीट ऐकू जाईल अशा बेताने मी म्हणालो, "आजची शर्यत खऱ्या अर्थाने ज्याच्यावर अवलंबून आहे, त्याच्या."

सखारामने पडवीकडे पाहिले. "व्हय, समजलं."

माळावर बैलांच्या शर्यतीत आमच्या छकड्याने पहिला नंबर काढला. मग हार घातलेली आमची मोटार, इंजिन आधी तापू नये म्हणून माझ्याच सूचनेवरून, माणसांनी ढकलत आणली. तिच्यात बाळू नव्हता.

"बाळू कुठं हाय?" तात्यांनी विचारले.

"उसात गेल्यात," सखाराम म्हणाला. "मगाशी आलंवतं. पुन्यांदा गेलं."

तात्यांनी नाइलाजाने माझ्याकडे पाहिले. "मग तू बस."

त्या क्षणी मला बाळूविषयी आयुष्यात प्रथमच माया वाटली. आत बसत मी सखारामला विचारले, "तेल गेले ना पोटात?"

"गेलं की. नाक धरून घातलं."

तेल ओतायच्या तोंडाला नाक म्हणतात, ही नवी माहिती मी मनात टिपून घेतली.

आता कोणी विचारील, दांडी ओढून तेलाची पातळी का पाहिली नाही? प्रयोगशाळेत मी साधे पाणीही दोनदा मोजतो. परंतु बैठकीवर बाळूचा गॉगल पडला होता. तो डोळ्यांवर नीट बसवेपर्यंत झेंडा हलला.

पहिल्या फेरीत मी पुढे होतो. तात्यांनी माझ्यासाठी फेटा हवेत उडवला. दुसऱ्या फेरीत करपट वास आला, मग इंजिनात कोणी खलबत्ता कुटावा असा आवाज, मग एक कर्कश किंचाळी, आणि मोटार फक्कीच्या रेघेवर जागच्या जागी बसली. सणसरची मोटार शेजारून गेली. पुढच्या फेरीत पुन्हा गेली. त्या वेळी चालवणाऱ्याने मला हात केला.

तात्यांनी येऊन दांडी ओढली. कोरडी. "ह्यात तेल कुठाय?"

"एरंडेल आहे," मी शांतपणे म्हणालो. "विलायती पद्धत."

"एरंडेल?" सखाराम म्हणाला. "त्ये तर बाळासायबास्नी पाजलं की. तुमीच म्हनलात, शर्यत ज्याच्यावर हाय त्याच्या पोटात. आपुन बैलास्नी न्हाय का पाजत शर्यतीआधी?"

"डबाभर?"

"डबाभर कसं मावंल, धाकलं मालक? दोन वाट्या गेलं. प्येत न्हवतं. म्या म्हनलं, दादांनी सांगितलंया, एम.एस्सी. हाईत. मंग गप प्यालं."

तेवढ्यात उसातून बाळू आला. हातात तांब्या, चेहरा पांढरा.

"दादा, जिंकलो का आपण?" त्याने विचारले. मग माझ्या डोळ्यांवरच्या गॉगलकडे त्याने हात केला. वळला आणि पुन्हा उसात शिरला.

पहिला नंबर काढलेल्या बैलांनीच आमची मोटार घरी ओढत नेली. सुकाणूवर मी होतो. मागून सखाराम रिकामा छकडा ओढत आणत होता, आणि माझ्या जळक्या ऑइलमुळे त्याचे चाक जरासुद्धा कुरकुरत नव्हते. तात्या शेजारून चालत होते. त्यांनी एकदा मागे उसाकडे वळून पाहिले.

मग म्हणाले, "तेल मातूर भारी निवडलंस. आपलं इंजिन दुसऱ्या फेरीतच बसलं, पर बाळूची पाचवी चाललीया."