रोझाचे रिकामे तळहात

दोन कोरड्या तळहातांची एकच टाळी, आणि मग ते तळहात उलटेसुलटे करून छताकडे दाखवणं. एवढंच! कसिनोत ब्लॅकजॅकचे पत्ते वाटणारा प्रत्येक डीलर टेबल सोडताना वरच्या कॅमेऱ्याला असं सांगतो, की बघा बाबांनो, हातात काही लपवलेलं नाही. पण रोझाची ती टाळी गेले तीन आठवडे माझ्या कानांत वाजते आहे. पोळ्या लाटताना, लाँड्रीच्या घड्या घालताना, आणि मी आपली कारण नसताना या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालते.

तुमच्यापासून काय लपवायचं? मी पत्ते मोजते. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधली, साठीला टेकलेली, पर्समध्ये बडीशेपेची डबी बाळगणारी ही निवृत्त बाई दुपारी नदीकाठच्या कसिनोत जाऊन बसते. लहान पान आलं की मनात एक मिळवते, मोठं आलं की एक वजा करते, आणि आकडा चढला, म्हणजे गड्डीत मोठी पानं जास्त उरली, की पैसे वाढवून लावते. हा गुन्हा नव्हे, पण कसिनोला कळलं तर दार दाखवतात. माझ्यावर संशय घेणार कोण? आयुष्यभर आकड्यांत रमलेल्या बुद्धीला निवृत्तीनंतर नुसती मेथी निवडायला बसवायचं, हा कुठला न्याय!

रोझा माझी नेहमीची डीलर. बोटांचे सांधे सुजलेले, तरी पत्ते वाटण्यात विलक्षण लय. गड्डीत एक पिवळं प्लॅस्टिकचं पान खुपसण्याचं काम तिचं. वाटता वाटता ते पान आलं की पत्ते पुन्हा पिसायचे. ते जितकं खोल, तितके जास्त पत्ते मोजायला मिळतात, तितकी मोजणाऱ्याची चांदी. मी बसले की रोझा ते अगदी तळाशी खुपसायची, दुसऱ्या कुणासाठी नाही. तिला कळलं होतं! ती काही बोलली नाही, मीही नाही, आणि असे आठ महिने गेले.

डीलरचा पगार तुटपुंजा, खरी भिस्त टिपवर. शेजारचे लोक जिंकले की एखादी चिप, म्हणजे पैशांऐवजी चालणारी कसिनोची चकती, सरकवायचे. रोझा ती टेबलावर टकटक वाजवून टिपच्या डब्यात टाकायची, ‘थँक यू, हनी’ म्हणायची. मी कधीच दिली नाही. एवढं डोकं शिणवून पदरात पडणार शंभरात जेमतेम एक, तेही वाटून टाकलं तर मोजायचं कशाला? पुढे पिवळं पान खोल जाऊ लागलं तेव्हा मला आणखी भारदस्त कारण सापडलं: आता दिलं तर ती बक्षिसी की लाच? निःशब्द सौजन्याला किमतीची चिठ्ठी चिकटवायची का? शिकागोतली माझी लेक फोनवर म्हणाली, ‘आई, सीरियसली? पिझ्झावाल्याला टिप करतेस ना तू!’ मी म्हटलं, तुला नाही कळायचं. खरं सांगू? चिकटपणाला तत्त्वाचं जरीकाठी पातळ नेसवून मी मिरवत होते.

मग एका मंगळवारी रोझा म्हणाली, शुक्रवार तिचा लास्ट डे. मनगटांचं ऑपरेशन, आणि पुढे मुलाकडे टेक्ससला. निघालेल्या माणसाला रिकाम्या हाती कसं धाडायचं? मी मंद आचेवर खांदा भरून येईपर्यंत बेसन भाजलं, वेलदोडा कुटला, लाडू वळले. शुक्रवारी ती हसत म्हणाली, आत ब्रेकरूममध्ये तिच्यासाठी केक आणलाय. तेवढ्यात भर खेळात, त्या हिरव्या टेबलावर, मी तिच्यापुढे डबा ठेवला. ‘फॉर यू, रोझा. यू वेअर सो गुड टू मी.’

अगं बाई, कुठून सुचली ही दुर्बुद्धी! चटका बसावा तसे रोझाने हात मागे घेतले; खेळणाऱ्याकडून भेटवस्तू घ्यायची डीलरला बंदी. सुपरवायझर आला. त्याने डबा उघडून पाहिला, मला पाहिलं, मग तळाशी खुपसलेलं ते पिवळं पान पाहिलं, बराच वेळ. ‘गुड हाऊ, मॅम?’ त्याने अदबीने विचारलं. त्याने खूण केली, दुसरा डीलर आला. रोझाने टाळी वाजवली, तळहात दाखवले, आणि माझ्याकडे न बघता सुपरवायझरच्या मागून गेली. मला डब्यासकट दारापर्यंत पोचवून पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. तिला तो केक कापायला मिळाला का, हे कुणाला विचारू?

चारचौघांसारखी पाच डॉलरची एक चिप सरकवली असती तर तिने टकटक केलं असतं, हनी म्हटलं असतं, आणि कुणी मान वर करून पाहिलंही नसतं. ते साधं, रीतीचं देणं मला हलकं वाटलं! लाडवांचा डबा ओट्यावर तसाच आहे; खाववत नाही, टाकवत नाही. राहून राहून वाटतं, त्यांनी आठ महिन्यांची कॅमेऱ्यातली चित्रं उलटून पाहिली असतील, तर निदान एवढं तरी दिसलं असेल की या बाईने रोझाला कधी एक दमडी दिली नाही. माझा चिकटपणाच आता तिच्या बाजूची साक्ष. तिने वर धरलेले ते तळहात खरंच रिकामे होते, आणि ते मी रिकामे ठेवले होते.