विकतची शिदोरी

आसगावच्या मंदाबाईला जन्मभरात लोकांनी पुष्कळ काही ऐकवलं. धानातला कोंडा पाखडावा तसं तिनं ते पाखडून टाकलं. एक 'विकतची' हा शब्द मात्र तिच्या घशात रुतून बसला.

त्र्याऐंशी सालची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा, आटोपून लेक धुरपता लाखनीकडं सासरी परत निघाली होती. लग्नानंतरची तिची ही पहिलीच मंडई. माहेरची शिदोरी सासरच्या आळीत घरोघरी मूठमूठ वाटायची आणि त्या मुठीवरून आळीनं माहेर जोखायचं, ही इकडची रीत. मंदाबाईनं रात्री चण्याची डाळ भिजत घातली, सकाळी निथळून धुतल्या धोतरावर पसरली. वरची ओल सुकली, आतली राहिली, तेव्हा कढई चढवली. तेल घाण्यावरचं, जवसाचं. फेस बसून डाळ झाऱ्यात खुळखुळू लागली की काढायची, वरून तिखट, मीठ आणि तळलेला लसूण.

एवढी देखणी डाळ जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधायला तिचं मन धजेना. नवरा तेजराम भंडाऱ्याहून एकदा फरसाण घेऊन आला होता, त्याची प्लास्टिकची पिशवी तिनं धुऊन खुंटीला जपून ठेवली होती. तशी पिशवी तेव्हा गावात नवलाईची. तीत डाळ भरून तिनं लेकीला दिली.

पुढं तेजराम लेकीला भेटून आला आणि हसत हसत सांगू लागला. धुरपताची सासू गोदावरीबाई हिनं शिदोरी वाटलीच नव्हती. सुनेच्या मायला डाळ तळायला सवड झाली नाही, विकतची धाडली, असं तिनं आळीभर केलं होतं. धुरपता आता मान खाली घालून विहिरीवर जाते.

"मंग तुमी काय म्हटलं?" मंदाबाईनं विचारलं.

"मी काय म्हणू? इहीन हायेत त्या."

त्या रात्री तिनं पुन्हा डाळ भिजत घातली. सकाळी भिजलेली डाळ, तेलाची बाटली, कढई, सरपण, मिठाची पुडीसुद्धा गाठोड्यात बांधून ती एसटीत बसली. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नसतं. म्हणून तिनं विहिणीच्या अंगणाबाहेर, रस्त्यावरच तीन दगड मांडले. जवसाचा वास आळीत शिरला तशा बायका जमल्या.

गोदावरीबाई दारात आली, तिच्यामागं धुरपता. "इहीनबाई, आमच्या घरात चूल नाही काय?"

"हाय नं. पण तुमच्या चुलीवर तळली, तं उद्या म्हणाल आमचीच हाय."

बायका पदराआड हसल्या. गोदावरीबाईचा चेहरा पडला. पिशवीवर दुकानाचं नाव होतं, माणसाचा गैरसमज होतो, असं ती म्हणाली.

"मले अक्षर येत नाही बाई, तुमाले येते," मंदाबाई झारा न थांबवता म्हणाली. "पण पिशवी वाचली अन् डाळ चाखली नाही. जवसाच्या तेलात कोणता दुकानदार तळते? माह्या पोरीची मान खाली घालाले तुमाले एक पिशवी पुरली."

गरम डाळ तिनं धुरपताच्या पदरात ओतली. "जाय, वाट. पहिलं घर तुह्या सासूचं."

धुरपता सासूपुढं उभी राहिली. आळी पाहत होती. गोदावरीबाईला हात पुढं करावाच लागला. दाताखाली डाळ फुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. रिकामी कढई फडक्यात धरून, कोरड्या घशानं मंदाबाई एसटी गाठायला वळली, तेव्हा धुरपता मान वर करून पुढच्या दाराशी पोचली होती.